दुसऱ्याच्या जहाजावरचा पहारा : अमेरिकी नौदलाच्या ‘आर्म्ड गार्ड’ शाखेचा इतिहास

नौदलाची शाखा म्हटली की तिच्या नावावर चार लढाऊ जहाजे असणार, असे आपण धरून चालतो. अमेरिकी नौदलाच्या ‘आर्म्ड गार्ड’ची माणसे मात्र कायम दुसऱ्यांच्या जहाजांवर राहिली. जहाज कंपनीचे किंवा सरकारी जहाज-प्रशासनाचे, कप्तान नागरी, खलाशी कामगार संघटनांचे सभासद, पोटातला माल सैन्याचा किंवा दोस्तराष्ट्रांचा. आणि डेकवरच्या तोफांपाशी नौदलाच्या गणवेशातली वीस-पंचवीस पोरे. दुसऱ्या महायुद्धात या शाखेची १,४४,९७० माणसे ६,२३६ जहाजांवर पहाऱ्याला गेली. त्यांतली ७१० जहाजे बुडाली. १,८१० जण मारले गेले किंवा बेपत्ता झाले. यांतल्या कितीतरी जणांनी नुकतेच अठरावे वर्ष ओलांडले होते.

ही शाखा दोनदा उभी राहिली, आणि दोन्ही वेळा घाईगर्दीत.

पहिली वेळ १९१७ची. जर्मनीने १ फेब्रुवारीपासून पाणबुड्यांना मोकळे रान दिले. जहाज कोणत्याही देशाचे असो, युद्धक्षेत्रात दिसले की बुडवायचे. अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी व्यापारी जहाजांवर तोफा चढवण्याची परवानगी काँग्रेसकडे मागितली. प्रतिनिधिगृहाने ती दिली, पण सिनेटमध्ये रॉबर्ट ला फॉलेट, जॉर्ज नॉरिस आणि त्यांच्या मूठभर सोबत्यांनी अधिवेशनाची मुदत संपेपर्यंत चर्चा लांबवत ठेवली आणि विधेयक बारगळले. युद्धात ओढले जाण्याचा हा सरळ रस्ता आहे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते अगदीच चुकीचे होते असे आज म्हणवत नाही. विल्सन यांनी मग अध्यक्षपदाच्या अधिकारात मार्चमध्ये हुकूम काढला आणि नौदलाचे तोफची मालवाहू जहाजांवर चढले. १ एप्रिलच्या रात्री फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ ‘ॲझ्टेक’ बुडाले. त्यावरच्या पहारा-तुकडीतला जॉन इओपोलुची गेला. अमेरिकेने युद्ध पुकारले ते ६ एप्रिलला, म्हणजे या युद्धात अमेरिकी नौदलाचा पहिला बळी युद्धाच्या घोषणेआधीच आणि तोही एका मालवाहू जहाजावर पडला होता.

१९ एप्रिलला ‘मंगोलिया’ या जहाजावरच्या तुकडीने इंग्लंडजवळ पाणबुडीच्या परिदर्शकावर गोळा डागला. युद्धात उतरलेल्या अमेरिकेने जर्मनीवर झाडलेली ती पहिली तोफ. सगळ्याच चकमकी अशा टाळ्यांच्या नव्हत्या. ऑगस्टमध्ये ‘कँपाना’ या तेलवाहू जहाजावरचा दारूगोळा तासन्‌तास लढून संपला. जर्मनांनी कप्तानाला आणि तोफच्यांपैकी पाच जणांना पाणबुडीत घालून नेले. ऑक्टोबरमध्ये ‘जे. एल. लुकेनबाख’ पाणबुडीशी कित्येक तास एकटेच झुंजत राहिले, आणि ‘निकोल्सन’ ही विनाशिका धावून आली तेव्हा सुटले. एकंदर ३८४ जहाजांवर अशा तुकड्या होत्या. युद्ध संपले, तोफा उतरवल्या गेल्या, माणसे घरी गेली आणि शाखेने गाशा गुंडाळला.

पुढची वीस वर्षे अमेरिकेला त्या युद्धाची आठवणच नकोशी झाली होती. १९३९च्या तटस्थता कायद्याने व्यापारी जहाजांवर तोफा ठेवायला बंदी घातली. मे १९४१मध्ये ‘रॉबिन मूर’ हे निःशस्त्र मालवाहू जहाज दक्षिण अटलांटिकच्या वाटेवर जर्मन पाणबुडीने बुडवले. ऑक्टोबरात ‘किअर्नी’ या विनाशिकेवर टॉर्पेडो आदळून अकरा जण मेले, आणि महिनाअखेरीस ‘रूबेन जेम्स’ ही दुसरी विनाशिका किमान शंभर माणसांसह तळाला गेली. १७ नोव्हेंबर १९४१ रोजी ती बंदी उठली. पर्ल हार्बरला तेव्हा तीन आठवडेही उरले नव्हते.

नौदलातल्या कुणीतरी मात्र कायद्याच्या पुढे पाहिले होते. बंदी कायम असतानाच, १९४१च्या वसंतात, नौदलाने तोफच्यांचे प्रशिक्षण सुरू केले होते. पूर्व किनाऱ्यावर व्हर्जिनियातले लिटल क्रीक, पश्चिमेला सॅन डिएगो, आणि शिकागोत सुरू होऊन पुढे मिसिसिपीतल्या गल्फपोर्टला हललेले तिसरे केंद्र. शेतावरून, गॅरेजमधून, शाळेच्या बाकावरून आलेल्या पोरांना इथे काही आठवड्यांत तोफ भरणे, नेम धरणे, विमाने ओळखणे, दुर्बिणीतून तासन्‌तास समुद्र न्याहाळणे शिकवले जाई. कितीतरी जणांनी आयुष्यात समुद्र पाहिलेला नव्हता.

सरावाची जहाजेही शाखेसारखीच, इकडून तिकडून गोळा केलेली. चेसापीकच्या आखातात ‘पडूका’ आणि ‘ड्युब्यूक’ या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दोन जुनाट तोफनौका पोरांना घेऊन फेऱ्या मारत. मिशिगन सरोवरावर हे काम ‘विल्मेट’ नावाच्या जहाजाकडे होते. या जहाजाचे आधीचे नाव ‘ईस्टलँड’. २४ जुलै १९१५ रोजी शिकागो नदीत, धक्क्याला बांधलेल्या अवस्थेत, सहलीला निघालेल्या कामगार कुटुंबांसकट ते कलंडले होते आणि ८४४ माणसे बुडाली होती. नौदलाने ते विकत घेतले, नाव बदलले, तोफा बसवल्या. ज्या पोरांना बुडणाऱ्या जहाजांवर जायचे होते, त्यांतल्या अनेकांनी पहिला गोळा झाडला तो एकदा बुडून वर काढलेल्या जहाजावरून.

१९४२च्या पहिल्या सहा महिन्यांत माणसे होती, पण तोफा नव्हत्या. जर्मन पाणबुड्या थेट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर येऊन, शहरांच्या न विझवलेल्या दिव्यांच्या उजेडात जहाजे टिपत होत्या आणि बंदरांतून निघणाऱ्या जहाजांवर बसवायला मिळतील त्या पहिल्या महायुद्धातल्या तोफा गोदामांतून काढल्या जात होत्या. काही जहाजांवर चार मशीनगन आणि देवाचा भरवसा एवढेच होते. काहींवर तर टेलिफोनचे खांब रंगवून, कापड गुंडाळून तोफेसारखे उभे केले गेले. पाणबुडीला चार इंची तोफेची भीती असे, कारण पृष्ठभागावर असताना एकच गोळा तिच्या कातडीला भोक पाडायला पुरे होई आणि मग तिला बुडी मारता येत नसे. खांबाची भीती तिला कळेपर्यंतच. प्रशिक्षण केंद्रांतल्या पोरांनी स्वतःवरच विनोद रचला होता : सज्ज व्हा, नेम धरा, जहाज सोडा! अधिकृत ब्रीदवाक्याचा अर्थ ‘माल पोचवणे हेच आमचे लक्ष्य’ असा होता, पण जेवणाच्या टेबलावर चालत असे ते पहिलेच.

वर्ष सरता सरता चित्र पालटले. लिबर्टी जहाजे कारखान्यातून पाव निघावेत तशी निघू लागली. युद्ध संपेपर्यंत अशी २,७१० बांधली गेली. प्रत्येकावर पिछाडीला चार किंवा पाच इंची तोफ, नाळेवर तीन इंची, आणि दोन्ही बाजूंना मिळून आठ ओर्लिकॉन, अशी साधारण मांडणी ठरली. वीस मिलिमीटरची ही ओर्लिकॉन एका माणसाने खांद्याला टेकवून चालवायची. साठ गोळ्यांचे गोल पिंप काही सेकंदांत रिकामे होई. मोठ्या तोफेला माणसे जास्त लागत. एक जण तिचे तोंड वरखाली करणार, दुसरा डावी-उजवीकडे वळवणार, तिसरा अंतराचा हिशेब लावणार, बाकीचे गोळा आणि दारू भरणार, आणि एक जण हातमोजे घालून तापलेली टरफले बाजूला सारणार. पाच इंची गोळ्याचे वजन पंचवीस किलोच्या घरात. हलत्या डेकवर, भर हिवाळ्यात तो कोठारापासून तोफेपर्यंत हातोहात पोचवायचा, तर वीस-पंचवीस पोरे पुरत नसत.

इथेच या संस्थेच्या इतिहासातली खरी गोम आहे. पहारा नौदलाचा म्हणायचा, पण तो जहाजावरच्या नागरी खलाशांवाचून चालतच नव्हता. स्वयंपाकघरातला वाढपी, इंजिनघरातला तेलवाला, सुतार, बोसन यांची नावे लढाईच्या पाळीत तोफांवर लिहिलेली असत. त्यांनाही बंदरांत तोफखान्याचे छोटे वर्ग दिले जात. भोंगा वाजला की गोळे वाहायला हेच पुढे. कागदावर पहारेकरी वेगळे आणि राखले जाणारे वेगळे. समुद्रावर ही रेघ टिकत नसे.

तुकडीचा प्रमुख बहुधा राखीव दलातला तरुण अधिकारी असे, काल-परवापर्यंत शाळामास्तर, वकील किंवा विमा-एजंट असलेला. त्याची जागा मोठी अवघड. जहाज कप्तानाचे. वाट, वेग, बंदर हे सगळे कप्तान ठरवणार. तोफा कधी झाडायच्या हे या पोरसवदा एन्साइनने (नौदलातला सर्वांत कनिष्ठ अधिकारी) ठरवायचे. कप्तान तीस-तीस वर्षे समुद्रावर काढलेला. त्याला हा कालचा पोरगा शिकवणार की रात्री पोर्टहोल उघडे ठेवू नका, कचरा दिवसा समुद्रात टाकू नका, सिगारेट डेकवर ओढू नका! काही जहाजांवर दोघे एकाच टेबलावर जेवत आणि रात्री पत्ते खेळत. काहींवर फेरीभर एकमेकांशी चिठ्ठ्यांतून बोलत. नौदलाचा हुकूम मात्र स्पष्ट होता. तोफ चालवता येते आहे तोवर शरणागती नाही, जहाज सोडायचे नाही. ‘कँपाना’ची आठवण असलेल्या जुन्या अधिकाऱ्यांना या हुकमाचे मूळ सांगावे लागत नव्हते.

दोन गटांतल्या कुरबुरीचे दुसरे कारण पैसा. नौसैनिकाचा पगार महिना पन्नास डॉलरपासून सुरू होई. बाजूच्या बंकवरच्या खलाशाला मूळ वेतनावर युद्धक्षेत्राचा भत्ता, बॉम्बहल्ल्याचा भत्ता, जादा कामाचे पैसे. पोरांच्या डोळ्यांत हे खुपे. खलाशाची बाजू त्यांना दिसत नसे : त्याला आयकर भरावा लागे, दोन फेऱ्यांच्या मधल्या काळाचे वेतन नसे, पेन्शन नसे, जखमी झाला तर माजी सैनिकांच्या इस्पितळाचे दार बंद. जानेवारी १९४३मध्ये ओहायोतल्या एका दैनिकाने बातमी छापली की ग्वाडलकनालला व्यापारी खलाशांनी रविवारी माल उतरवायला नकार दिला आणि आजारी मरीन सैनिकांना ते काम करावे लागले. बातमी खोटी निघाली. नौदलानेच ती नाकारली, संघटना बदनामीच्या दाव्यासह कोर्टात गेल्या. पण ती देशभर पसरायची ती पसरलीच. ज्या जहाजांवर दोघांनी मिळून एक तरी हल्ला परतवला होता, तिथे मात्र पगाराचा विषय सहसा निघत नसे.

त्या बातमीच्या काही महिने आधी झालेल्या एका चकमकीने या भांडणाचा निकाल कोणत्याही चौकशी समितीपेक्षा चांगला लावून ठेवला होता.

२७ सप्टेंबर १९४२. ‘स्टीफन हॉपकिन्स’ हे नवे लिबर्टी जहाज केप टाउनहून डच गयानातल्या पारामारिबोकडे रिकामेच निघाले होते. दक्षिण अटलांटिकवर धुके आणि पावसाचे पडदे. त्यातून अचानक दोन जहाजे दिसली : ‘श्टिअर’ हे व्यापारी जहाजाच्या वेषातले जर्मन हल्लेखोर जहाज, आणि त्याला रसद पुरवणारे ‘टानेनफेल्स’. ‘श्टिअर’वर दीडशे मिलिमीटरच्या सहा तोफा. ‘हॉपकिन्स’वर पिछाडीला चार इंची एकच तोफ, दोन ३७ मिलिमीटरच्या आणि काही मशीनगन. थांबण्याचा इशारा झाला. कप्तान पॉल बक यांनी जहाज वळवून पिछाडी शत्रूकडे केली, म्हणजे ती एकुलती एक मोठी तोफ कामाला येईल.

तुकडीप्रमुख एन्साइन केनेथ विलेट पहिल्याच माऱ्यात पोटात तुकडे घुसून जखमी झाले. तशाच अवस्थेत ते तोफेपाशी पोचले आणि मारा चालू ठेवला. त्यांच्या गोळ्यांनी ‘श्टिअर’चे सुकाणू निकामी केले, तेलाच्या नळ्या फोडल्या, आग लावली. इकडे ‘हॉपकिन्स’चे बॉयलर फुटले, जहाज वाऱ्यावर पडले, तोफेखालच्या कोठारात स्फोट झाला आणि तोफेभोवतीची तुकडी संपली. तेव्हा इंजिनघराचा कॅडेट एडविन ओ’हारा वर धावला. अठरा वर्षांचा, कॅलिफोर्नियातल्या लिंडसे गावचा, नौदलाचा नव्हे तर व्यापारी नौकानयनाचा विद्यार्थी. तोफेपाशी पाच गोळे शिल्लक होते. त्याने ते एकट्याने भरले, नेम धरला, झाडले. नंतर एका गोळ्याने तोही गेला.

‘हॉपकिन्स’ बुडाले, आणि त्याच दिवशी ‘श्टिअर’ही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचे पृष्ठभागावरचे लढाऊ जहाज बुडवणारे पहिले अमेरिकी जहाज म्हणून या मालवाहू जहाजाचे नाव घेतले जाते. जर्मन कप्तान होर्स्ट गेरलाख यांना आपली गाठ भारी तोफांच्या सहायक युद्धनौकेशी पडली असेच वाटत होते. ‘हॉपकिन्स’ची वाचलेली माणसे एका होडीत बसून, सहायक इंजिनिअर जॉर्ज क्रॉंक यांच्या हाताखाली, ३१ दिवसांनी ब्राझीलच्या किनाऱ्याला लागली. जिवंत उतरले पंधरा. विलेट यांना मरणोत्तर नेव्ही क्रॉस मिळाला आणि एका संरक्षक विनाशिकेला त्यांचे नाव दिले गेले. ओ’हाराच्या नावाची इमारत किंग्ज पॉइंटच्या व्यापारी नौकानयन अकादमीत उभी आहे. या युद्धात त्या अकादमीचे १४२ कॅडेट शिकत असतानाच मेले.

आर्क्टिकची वाट वेगळ्याच तऱ्हेची परीक्षा घेई. मुर्मान्स्क आणि आर्खान्गेल्स्कला रणगाडे, विमाने, बूट आणि डबाबंद मांस पोचवायचे. उन्हाळ्यात रात्र नाही, म्हणजे विमानांना सुट्टी नाही; हिवाळ्यात तोफेवर बर्फाचा थर, तो काठ्यांनी फोडायचा. पहारा चार तासांचा, पण पहारा संपल्यावरही अंगातले कपडे उतरवायचे नाहीत, कारण त्या पाण्यात पडलेला माणूस काही मिनिटेच टिकतो. जुलै १९४२मध्ये पीक्यू-१७ या काफिल्यावर ‘टिर्पिट्झ’ ही जर्मन युद्धनौका चालून येते आहे, अशा समजुतीने लंडनहून पांगण्याचा हुकूम आला. संरक्षक जहाजे निघून गेली. काफिल्यातली एकूण २४ व्यापारी जहाजे बुडाली, त्यांतली बहुतेक पुढच्या काही दिवसांत एकेकटी गाठून.

त्या गोंधळात लिओ ग्रॅडवेल या ब्रिटिश अधिकाऱ्याने, जो पेशाने वकील होता, आपल्या ‘एअरशायर’ या छोट्या सशस्त्र ट्रॉलरमागे तीन मालवाहू जहाजे घेतली आणि सरळ बर्फात घुसवली. त्यांतले एक ‘ट्रूबदूर’, झेंडा पनामाचा आणि पहारा अमेरिकी पोरांचा. जहाजावर पांढरा रंग सापडला. खलाशी आणि तोफची मिळून जहाजांच्या बाजू रंगवायला लागले; रंग पोचला नाही तिथे चादरी आणि टेबलक्लॉथ अंथरले. डेकवर रशियाला निघालेले रणगाडे होते. त्यांची सीलबंद दारे फोडून, तोफांत गोळे भरून पोरे आत बसली. हा माल सोव्हिएत सरकारचा आहे, याचा विचार करत बसायला कुणाला सवड नव्हती. चारही जहाजे वाचली. या युद्धात मालवाहू जहाजाचा माल त्याच्याच रक्षणाला उभा राहिल्याचे दुसरे इतके ठसठशीत उदाहरण शोधावे लागेल.

शाखेला घर होते ते जमिनीवर. ब्रुकलिन, न्यू ऑर्लिन्स आणि सॅन फ्रान्सिस्कोजवळचे ट्रेझर आयलंड ही तिची तीन केंद्रे. फेरी संपली की पोरगा इथे परतणार, पगार आणि साठलेले टपाल घेणार, बुडालेल्या जहाजावरून आला असेल तर नवे कपडे घेणार आणि नव्या जहाजाची नेमणूक हातात पडेपर्यंत इथेच राहणार. ब्रुकलिनचे केंद्र सर्वांत मोठे. ठराविक जहाज नसलेल्या माणसाला पत्र पोचवणे ही तिथल्या कारकुनांची रोजची डोकेदुखी होती; पत्र मुर्मान्स्कला जाई तोवर पोरगा सिडनीला पोचलेला असे. फेरी संपल्यावर तुकडीप्रमुखाने लेखी अहवाल देणे सक्तीचे होते. किती गोळे झाडले, कोणत्या बंदरात किती दिवस थांबलो, कप्तान कसा वागला, दुर्बिणी किती धुरकट झाल्या, सगळे त्यात. विमा-एजंट आणि शाळामास्तरांनी लिहिलेले हे हजारो अहवाल आज अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि या शाखेबद्दल जे काही ठामपणे सांगता येते त्यातले बरेच त्यांच्यामुळे.

भूमध्य समुद्रात मरण विमानातून आले. २ डिसेंबर १९४३च्या रात्री इटलीतल्या बारी बंदरावर जर्मन बॉम्ब पडले तेव्हा ‘जॉन हार्वी’च्या पोटात मस्टर्ड वायूचे बॉम्ब गुप्तपणे भरलेले होते, जहाज फुटले आणि तेलाने माखलेल्या पाण्यात पोहणाऱ्यांच्या अंगावर फोड का येताहेत, हे डॉक्टरांना सांगणारे कुणी जिवंत उरले नव्हते. २० एप्रिल १९४४ला अल्जीरियाजवळ ‘पॉल हॅमिल्टन’वर टॉर्पेडो बसला. जहाजात सैनिकही होते आणि स्फोटकेही. एका क्षणात ५८० माणसे गेली, एकही वाचला नाही.

हिंदी महासागरात या शाखेचा इतिहास आपल्या किनाऱ्याला येऊन भिडतो. चीन-ब्रह्मदेश आघाडीसाठीचा अमेरिकी माल मुंबई, कराची आणि कलकत्त्याच्या धक्क्यांवर उतरत होता, आणि त्या जहाजांवर हेच तोफची होते. २ जुलै १९४४ला ‘जीन निकोले’ हे लिबर्टी जहाज ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलहून कोलंबोमार्गे कलकत्त्याला निघालेले असताना आय-८ या जपानी पाणबुडीने बुडवले. माणसांना होड्यांतून उचलून पाणबुडीच्या डेकवर हात बांधून बसवले गेले, एकेकाला मारहाण झाली, कित्येकांना ठार केले गेले. विमानाची चाहूल लागताच पाणबुडीने बुडी मारली आणि उरलेले बांधल्या हातांनी समुद्रात सोडले गेले. शंभराच्या आसपास माणसांतली पंचवीसही वाचली नाहीत. वाचलेल्यांना ‘होक्सा’ या गस्ती ट्रॉलरने उचलले.

दोस्तराष्ट्रांत ही कल्पना एकट्या अमेरिकेची नव्हती. ब्रिटनने आपल्या व्यापारी जहाजांवर नौदलाचे आणि लष्करी तोफखान्याचे तोफची बसवले होते. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी ‘ओंडिना’ या डच तेलवाहू जहाजावर ऑस्ट्रेलियन, ब्रिटिश आणि डच तोफच्यांची अशीच संमिश्र तुकडी होती. सोबतीला रॉयल इंडियन नेव्हीची ‘बेंगॉल’ ही नवी कोरी सुरुंगशोधक नौका. समोर आली ‘होकोकु मारू’ आणि ‘आइकोकु मारू’ ही दोन जपानी हल्लेखोर जहाजे, दोन्ही कितीतरी मोठी. ‘बेंगॉल’ त्यांच्यावर चालून गेली. ‘होकोकु मारू’ पेटून फुटली. निर्णायक गोळा कुणाचा, यावर वाद झाला. बरेच अभ्यासक त्याचे श्रेय ‘ओंडिना’च्या चार इंची तोफेला देतात. ‘ओंडिना’चे कप्तान विलेम होर्समन मारले गेले, पण जहाज फ्रीमँटलला परतले आणि ‘बेंगॉल’ एकही माणूस न गमावता सुटली. महायुद्धापूर्वी भारतीय नौदलाच्या खलाशांच्या भरतीत रत्नागिरीचा वाटा मोठा होता, आणि ब्रिटिश मालवाहू जहाजांच्या इंजिनघरांत, डेकवर तर कोकणातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या होती. त्यांना राखायला तोफची नेमले होते; बुडताना सगळे एकत्रच बुडत. मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या खलाशांच्या वसतिगृहातील स्मारकात दुसऱ्या महायुद्धात समुद्रावर गेलेल्या सहा हजारांहून अधिक भारतीय नाविकांची नोंद आहे. त्यांतले बहुसंख्य व्यापारी जहाजांवरचे.

पॅसिफिकमधले शेवटचे वर्ष कामिकाझेंचे. २८ डिसेंबर १९४४ला फिलिपिन्समधल्या मिंडोरोच्या वाटेवर दारूगोळ्याने भरलेल्या ‘जॉन बर्क’वर एक विमान येऊन आदळले. धुराचा लोट विरला तेव्हा तिथे जहाज नव्हते. त्यावर ६८ माणसे होती : ४० खलाशी, २८ तोफची.

ऑगस्ट १९४५नंतर तोफा पुन्हा उतरल्या. प्रशिक्षण केंद्रे त्याआधीच रिकामी होऊ लागली होती, कारण नौदलाला माणसे मोठ्या युद्धनौकांवर हवी होती. पहिल्या युद्धानंतर झाले तेच झाले. शाखा बरखास्त, नोंदी गोदामात. विमानवाहू नौकांचा इतिहास लिहायला लोक पुढे आले, यांचा लिहायला फारसे कुणी आले नाही. माजी नौसैनिकांच्या सभांतही ‘कोणत्या जहाजावर होतास?’ या प्रश्नाला यांच्यापाशी एक उत्तर नसे. १९८०च्या दशकात नॉर्थ कॅरोलिनातल्या चार्ल्स लॉइड यांनी विखुरलेल्या सोबत्यांची नावे गोळा करून संघटना बांधली आणि ‘द पॉइंटर’ हे पत्रक चालवले. तोफेचे तोंड वरखाली करणाऱ्या तोफच्याला पॉइंटर म्हणत, नाव त्यावरूनच.

काही जहाजेही राहिली. बाल्टिमोरचे ‘जॉन डब्ल्यू. ब्राउन’ पहिल्याच फेरीत रशियासाठीचे रणगाडे आणि जीप घेऊन पर्शियन आखातात गेले होते. सॅन फ्रान्सिस्कोचे ‘जेरेमाया ओ’ब्रायन’ नॉर्मंडीच्या किनाऱ्याला अकरा फेऱ्या करून आले, आणि १९९४ साली पन्नासाव्या स्मृतिदिनासाठी पुन्हा तिथे गेले. तेव्हाच्या चमूत युद्धकाळातले म्हातारे खलाशी आणि तोफची दोन्ही होते. तोफा, गोळ्यांची कोठारे आणि पिछाडीची नौदलाची खोली या जहाजांवर अजून जागेवर आहेत.

तोफच्यांना युद्ध संपताच माजी सैनिकाचा दर्जा, शिक्षणाची शिष्यवृत्ती आणि घरकर्ज मिळाले. त्यांना गोळे पोचवणाऱ्या व्यापारी खलाशांना तो दर्जा १९८८ साली मिळाला, तोही कोर्टात भांडून. काँग्रेसचे सुवर्णपदक त्यांना देण्याचा कायदा २०२०मध्ये झाला आणि पदक प्रत्यक्ष दिले गेले मे २०२२मध्ये. तोपर्यंत हयात असलेल्यांतले बहुतेक जण नव्वदीच्या पुढे गेले होते.